सगूच्या मुठीतलं बी

जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच निघून जातो, अशा एका माळावर सगू नावाची मुलगी राहायची. तिच्या फ्रॉकला तीन रंगांची तीन ठिगळं होती. पायांत चपला नव्हत्या. श्रावणात तिची आई वारली. आईचं लुगडं अजून दोरीवर तसंच होतं. तिचे वडील, आबा, ते कोणाला काढू देत नसत.

घरात आबा, सगू आणि सगूचा इवलासा भाऊ बिरू. बिरू जगत होता तो कवडी नावाच्या शेळीच्या दुधावर. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. आबा मेंढरं घेऊन लांब जायचे, म्हणून कवडीला चारायचं काम सगूचं.

सगूचा माळ लांबून दिसायला भुरका आणि उघडाबोडका. पण वाकून पाहिलं की काय गंमत! पिवळ्याधमक फुलांची तरवड, काटेरी बोरी, वाऱ्यावर चांदीसारखं चमकणारं गवत, गवतात चिमुकल्या सशाची लालसर पिल्लं आणि वर आभाळात गाणारा चंडोल. पण सगू वाकून बघतच नव्हती. ती सारखी समोर बघायची.

समोर, ओढ्यापलीकडे, तिच्याच वयाच्या हौसाचा डोंगर होता. हिरवागार! गुलाबी, केशरी, पिवळ्या फुलांच्या गुच्छांनी तो नुसता नटला होता. त्या झुडपाला लोक घाणेरी म्हणत, पण लांबून वास थोडाच येतो?

हौसा तिकडून ओरडायची, "सगे, तुझ्या माळाला टक्कल पडलंय गं! तेल लाव की जरा!"

"तुझ्या डोंगराला उवा झाल्यात, ते बघ आधी!" सगू ओरडायची. पण तिच्या पोटात हेव्याचा एक केसाळ सुरवंट वळवळायचा. हौसाला सगळं आहे. मला काहीच नाही.

एके दिवशी गवतातून बारीक आवाज आला, "आई गं! कुणी आहे का?"

सगूने वाकून पाहिलं. तिथे बोटाएवढी परी होती! तरवडीच्या पाकळ्यांचा पिवळा झगा, दवाच्या थेंबांचे पैंजण आणि चतुराच्या पंखांसारखे झिलमिल पंख. एका पंखात गवताचं कुसळ रुतलं होतं. मेंढरांच्या अंगातली कुसळं काढून सगूचा हात बसलेला. तिने पंखावर हलकी फुंकर घातली आणि कुसळ अलगद ओढून काढलं.

"किती हलका हात गं तुझा!" परी म्हणाली. "मी माळपरी. तुला दोन वर देते. पण नियम ऐक. दुसऱ्याकडे बघून मागितलंस, तर मिळेल, पण तुझ्याकडचं..."

"मला हौसासारखा डोंगर पाहिजे!" सगू मध्येच बोलून गेली.

"अगं, पुरतं ऐकून तरी घे!"

"न्हाई! हौसापेक्षा हिरवा! आत्ताच्या आत्ता!"

परीने हळूच मान खाली घातली आणि टिचकी वाजवली. सर्रकन हिरवी लाट माळावरून धावली. गुलाबी, केशरी, पिवळे गुच्छ फुलले. सगू आनंदाने नाचली. "हौसेऽ, आता बघ!"

हौसाने पाहिलं. ती पाठ फिरवून निघून गेली. सगूला ते फार आवडलं.

पण दुसऱ्या दिवशी चंडोल गायला नाही. तिसऱ्या दिवशी ससे दिसेनात. घाणेरीच्या दाट सावलीत गवत पिवळं पडलं आणि मरून गेलं. तरवड गुदमरली. बोरी झाकून गेली. कवडीने एक हिरवं पान हुंगलं, फुर्र करून शिंकली आणि तोंड फिरवलं. आठव्या दिवशी सगू दूध काढायला बसली, तर वाटीत फक्त चार थेंब.

बिरू रडला. आबांनी त्याला भाताची पेज पाजली, तर त्याने ती थुंकून टाकली. दोन दिवसांत त्याचं रडणंही बारीक झालं. ते बारीक रडणं ऐकून सगूला आई आठवली. आईसुद्धा अशीच हळूहळू गप्प झाली होती.

ती धावत माळावर गेली. "परीताई! ये ना गं! माझं चुकलं!"

घाणेरीच्या जाळीतून परी आली. तिचे पंख मळले होते. "तुझ्याकडचं काहीतरी जाईल, हेच सांगत होते मी," ती म्हणाली.

"माझा बिरू जाईल! दुसऱ्या वरात जुना माळ दे."

"देईन. पण गेलेलं उगवायला मला बी लागतं. उद्या दिवस मावळायच्या आत मूठभर आण. आणि ऐक, या वेळी पुरतं ऐक! बी मुठीत असताना मनात कुणाचा हेवा आला, तर ते पोचट होईल."

बी कुठून आणायचं? माळावर तर गवताची एक काडी उरली नव्हती. सगू घरी येऊन लोकरीच्या ढिगापाशी बसली. आबांनी नुकतीच मेंढरं कातरली होती. रडता रडता तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. कुसळ! कुसळाच्या टोकाला बी! सगूने सगळी लोकर विंचरली. गवताचं बी निघालं, काटेरी गोखरू निघाले. मग ती शेळ्यामेंढरांच्या वाड्यात शिरली आणि जुन्या लेंड्या फोडू लागली.

"शी! काय करतेस गं?" आबांनी विचारलं.

"बोरीच्या बिया शोधतीय, आबा. कवडीनं खाल्ल्या असतील की!"

आबा कितीतरी दिवसांनी हसले. तेही तिच्याशेजारी बसून लेंड्या फोडू लागले. तरवडीचं बी मात्र सापडेना. सगूने मुंग्यांच्या वारुळाशी चिमूटभर पीठ ठेवलं. "मुंग्यांनो, अदलाबदली करता का?" मुंग्यांनी पीठ नेलं, आणि त्यांनी बाहेर टाकलेल्या भुशात सगूला तरवडीच्या तपकिरी बिया मिळाल्या. मूठ भरली!

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती परीकडे निघाली. वाटेत ओढ्यापाशी हौसा बसली होती. नाक लाल, डोळे लाल.

"चिडवायला आलीस व्हय?" सगू म्हणाली.

"न्हाई गं," हौसा हुंदका देत म्हणाली. "आमच्या शेळ्या कधीच्या आटल्यात. ती घाणेरी कुणी खात न्हाई. तुझ्या माळावर चंडोल गायचा, मी रोज कान देऊन ऐकायचे. त्याचाच राग यायचा, म्हणून तुझ्या माळाला टकला म्हणायचे. सगे, तुझ्या मुठीत बी दिसतंय, थोडं देतीस का गं?"

सगू द्यायला हात पुढे करणार, तेवढ्यात मागून हौसाची आई आली. "इथं बसलीस व्हय रडत? आण इकडं नाक," म्हणत तिने पदराने हौसाचं नाक पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले.

सगूच्या पोटातला सुरवंट एकदम केस फुलवून उभा राहिला. मुठीतल्या बिया करकरल्या आणि हलक्या झाल्या. भुशासारख्या!

सगू ओरडली, "तुझा डोंगर नको होता मला! तुझ्याकडं आई हाय! रोज हाय!"

हौसा विचारात पडली. मग म्हणाली, "मग तूपण घे की थोडी आई. पण ती नाक लई जोरात ओढती, आधीच सांगून ठेवते."

हौसाची आई खाली बसली. तिने सगूला जवळ ओढलं आणि तिचंही नाक पुसलं. खरंच, फार जोरात ओढलं. सगू तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. आई गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती.

रडून झाल्यावर तिने मूठ उघडली. बिया पुन्हा टपोऱ्या झाल्या होत्या, मोत्यांसारख्या चमकत होत्या. सगूने त्या मोजल्याही नाहीत. अर्ध्या हौसाच्या ओंजळीत ओतल्या.

"शाबास गं माझी सोनुली!" झगमग करत परी आली. "मी मुळं सैल करते. उपटायला मात्र तुम्ही लागा!"

सगळे लागले. सगू, हौसा, तिची आई, आणि बिरूला पाठीशी बांधून आबासुद्धा. घाणेरी भराभर निघाली. मग माळावर आणि डोंगरावर, दोन्हीकडे बी पडलं. परीने फुंकर घातली आणि चांदीचं गवत सळसळत वर आलं. काटेरी बोरी, पिवळी तरवड, भुरकं, रुपेरी, सोनेरी, कुठे जरासंच हिरवं! इवले ससे टुणकन बाहेर आले. चंडोल वर वर गेला आणि गाऊ लागला.

"असाच राहू द्या हं," परी म्हणाली. "माळाला माळच राहू द्या." तिच्या पंखांतून मधासारखा उजेड सांडला. तो पसरत पसरत मावळत्या उन्हात मिसळला, आणि परी दिसेनाशी झाली.

कवडी पोटभर चरली. सगू दूध काढायला बसली, तर फेसाळ वाटी काठोकाठ! बिरूने गटागटा एक वाटी संपवली, दुसरी संपवली आणि तो खुदकन हसला. हौसाने लाडाने त्याच्या ओठाला लागलेलं दूध पुसलं, तर त्याने तिच्या बोटाचा करकचून चावा घेतला.

"अगं बाई! दात आलाय याला!" हौसा किंचाळली.

सगूने बघितलं. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढा पांढराशुभ्र दात!

"ए बिऱ्या!" सगू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भाऊ माझा, आणि पहिला चावा हिला?"

आणि तिने आपलं बोट त्याच्या तोंडापुढे धरलं.