स्टेपनीवरचा फोटो

मी जिल्ह्याचा बांधकाम सभापती होतो तेव्हाची गोष्ट. सांगताना अजून मान खाली जाते. एका महिन्यात माझी गाडी चारदा पंक्चर झाली. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली, त्यामुळे दरवेळी ड्रायव्हर चिखलात आडवा पडायचा आणि मी कार्यक्रमाला उशिरा पोचायचो. शेवटी अन्वर मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन ती मागच्या दारावर बाहेरून बसवून घेतली. वर घालायला कव्हरही छापून आणलं होतं: माझा हसरा फोटो आणि खाली ‘गावोगावी गुळगुळीत रस्ते’.

बरोबरचे कार्यकर्ते वाहवा करत होते. अन्वर मात्र कव्हर हातात घेऊन उभाच राहिला.

“काय रे, फोटो आवडला नाही?” मी दरडावलं.

“फोटो छान आहे, साहेब. पण स्टेपनी काढायची तर आधी कव्हर काढावं लागतं. म्हणजे दर पंक्चरला तुमचा हसरा फोटो खड्ड्याशेजारी ठेवावा लागणार. उताणा ठेवायचा की पालथा, तेवढं ड्रायव्हरला सांगून ठेवा.”

कार्यकर्ते एकदम गाडीचे टायर बघायला लागले. मी कव्हरची घडी केली, फोटो आत जाईल अशी.