सोमकेतू राजाचा तिसरा घास

एका राज्यात, जिथे घोडे उडत आणि पक्षी माणसांशी बोलत, सोमकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर, दिलदार आणि पोटाने अंमळ पुढे. त्याची चिमुकली लेक चारुशीला हिला करालदंत मांत्रिकाने पळवले, ढगांवरच्या सुळक्यावर नेऊन बसवले आणि राजाला शाप दिला, "पवनवेग घोडा तुला घेऊन उडेल, तेव्हाच लेक मिळेल. तोवर तिला ना भूक, ना झोप."

पवनवेग राजाचाच घोडा. पण राजा पाठीवर बसला की तो गुडघे टेकी. तेव्हा राजाने उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, एकही एकादशी सोडली नाही. वर्षे लोटली. आणि नवल असे, की उपास वाढले तसा राजाही वाढला!

"हे वजन येते तरी कुठून?" राजाला रागापेक्षा कुतूहलच फार. वैद्यांनी हात जोडले, ज्योतिष्यांनी शनीकडे बोट दाखवले. अखेर राजवाड्याच्या कुंपणावरचा म्हातारा भारद्वाज पक्षी बोलला.

"राजा, प्रत्येक घासात आग असते. अंगात जळते त्याहून जास्त आत गेली, की उरलेली अंगावर साठते. हा दिवा घे. घास जवळ धर किंवा गीळ, त्यातली आग ज्योत दाखवील. मला तीन घास शोधून दे. पोट भरेल पण ज्योत लहान, असा एक. मूठभरच पण ज्योत मोठी, असा दुसरा. आणि तू खाल्लास पण तुला ठाऊक नाही, असा तिसरा."

राजा दिवा घेऊन मुदपाकखान्यात शिरला. आचारी भिंतीला चिकटले. राजाने दुधीची भाजी धरली, ताक धरले, काकडी धरली. ज्योत जेमतेम हलली. पहिला घास सापडला.

मग त्याने उपासाची साबुदाण्याची खिचडी धरली, तुपाने न्हालेली, दाण्याच्या कुटाने माखलेली. भक्कन ज्योत उठली आणि राजाच्या मिशीचे टोक जळाले.

"अरे, हा तर उपासाचा घास!" राजा ओरडला.

"उपास देवाला पोचला," भारद्वाज म्हणाला, "खिचडी तुला."

राजा ओशाळला. पण तिसरा घास काही सापडेना. त्याने उशीखाली पाहिले, चिलखत झटकले, आचाऱ्यांना शपथा घातल्या. शेवटी दिवा शेजारी ठेवून तो दरबारात बसला.

त्या राज्याची रीत अशी, की गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याने पेढा द्यावा, राजाने तो तोंडात टाकावा, मगच ऐकावे. पेढा नाकारला म्हणजे न्याय नाकारला. पहिला म्हातारा आला, ज्योत उठली. विधवा आली, ज्योत उठली. दुपारपर्यंत दिव्याने छत काळे केले. राजा डोळे विस्फारून बघत राहिला. इतकी वर्षे हे खाणे त्याने खाण्यात धरलेच नव्हते. तो तर मान होता!

"आता जेवण सोडतो!" राजा म्हणाला.

"चूल विझवू नकोस," भारद्वाज म्हणाला. "सरपण बेताने घाल."

तेव्हापासून राजा पेढा कपाळाला लावी आणि ज्याचा त्यालाच भरवी. लोकांना ते अधिकच आवडले. राजा भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर खाई आणि पवनवेगाच्या बाजूने पायी चालून अंगातली आग जाळी. लगेच काही झाले नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग एका सकाळी राजा पाठीवर बसला आणि घोड्याने पंख उघडले.

सुळक्यावर एक उंच मुलगी उभी होती. नेली तेव्हा कडेवरची होती. राजाला रडू आवरेना. त्याने तिला पुढ्यात घेतले, शाप तुटला आणि करालदंताचा सुळका धुके होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी चारुशीला रीतीप्रमाणे पेढा घेऊन दरबारात आली.

"महाराज, माझे गाऱ्हाणे आहे. माझ्या बाबांनी यायला इतका उशीर का केला?"

राजाने मान खाली घातली.

"बाळ, मला वाटत होते, मी उपाशी आहे."

चारुशीलाने पेढा त्याच्या ओठांशी धरला. राजाने तो अख्खा खाल्ला. दिव्याची ज्योत उंच उठली. राजाने ती नीट पाहिली आणि लेकीचा हात धरून तो पायीच नदीकडे निघाला.

राजाला त्याची लेक भेटली, तशी ज्याची त्याला भेटो.