कोठाराचे दार

एकदा एका संस्थानी गावातल्या जुन्या धान्यकोठाराचे संग्रहालय करायचे ठरले. पडझड झालेली वास्तू एका व्यापाऱ्याने पदरमोड करून पुन्हा उभी केली आणि आतल्या मांडणीचे काम शाल्मलीकडे आले. ही विद्या तिला शिकवणारे वृद्ध आचार्य त्याच गावात राहत.

शाल्मलीने जीव ओतून काम केले. जिथे धान्याच्या राशी पडत, तिथे व्यापाऱ्याने जमवलेली राजघराण्याची चांदीची ताटे आणि अत्तरदाण्या मंद प्रकाशात झळकू लागल्या. सागवानी दारावर कुऱ्हाडीचे खोल घाव होते. ते तिला विद्रूप वाटले, म्हणून खाचा बुजवायची लांबी भरून, पॉलिश करून तिने दार गुळगुळीत करवून घेतले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आचार्य सगळे पाहून गेले. जाताना त्यांनी दारावरून एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्यापारी सहकुटुंब आला, पाहुणे जमले, तर दार बंद. पहारेकऱ्याने सांगितले की आचार्यांनी त्याला बाहेर काढून आतून अडसर लावला आहे. पाहुण्यांची पंगत आतच मांडलेली. मसालेभाताचा वास फटीतून बाहेर येत होता. शाल्मलीने आधी अदबीने हाक मारली, मग विनवले. दार उघडले नाही. व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला उन्हाने भोवळ आली, ती पायरीवरच बसली. तशी शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर गुरू आहेत हे विसरून ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली.

अडसर सरकला. आचार्यांनी आधी म्हातारीला पाणी दिले, तिची क्षमा मागितली. मग ते शिष्येकडे वळले. संताप त्यांच्याही डोळ्यांत होता.

“आत्ता हातात कुऱ्हाड असती, तर काय केले असतेस?”

शाल्मलीने दाराकडे पाहिले. आचार्य पुढे बोलू लागले.

“दुष्काळात हे कोठार भरलेले होते, आणि भाव चढावा म्हणून दार लावलेले होते. बाहेर माणसे उपाशी पोरे कडेवर घेऊन उभी होती. त्यांचे ताट नाही, तसबीर नाही, नाव नाही. मागे राहिले ते एवढे घाव. तेही तू बुजवलेस. वास्तू जपली म्हणतेस, पण साक्षीदाराची जीभ कापलीस. तुझे प्रदर्शन आत सुरू होते, शाल्मली. ज्यांना आत कधी घेतलेच नाही, ते कुठे आहेत?”

व्यापारी खवळला. असले अभद्र घाव पुन्हा दर्शनी भागी उघडे केलेले चालणार नाहीत, नाहीतर चांदी परत नेईन, असे त्याने बजावले. शाल्मलीचा राग अजून शमला नव्हता; फक्त त्याची दिशा बदलली होती.

“न्या,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी पटाशी घेऊन तिने स्वतःच लांबी खरवडायला घेतली. आज तिथे येणाऱ्याला आधी बंद दारापाशी थांबावे लागते. पुष्कळांची बोटे नकळत त्या घावांत जातात. आत गेल्यावर फारसे कुणी मोठ्याने बोलत नाही.

डागडुजी वास्तूची करावी. तिच्या अपराधाची करू नये.