सरकारांची मोटार मूळपदावर

एका गावात भैरू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा. सांगितलेलं कानाआड करणारे शहाणे गावात पुष्कळ होते, त्यामुळे भैरूचं भोळेपण उठून दिसायचं.

त्याचा मामा बाळकू मेस्त्री. मेस्त्रीचं मोटारींचं गॅरेज होतं आणि शालन नावाची लग्नाची पोरगी होती. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, असं भैरूला पाळण्यात असताना सांगितलं होतं. त्यानं तेही मनावर घेतलं होतं.

एक दिवस मामा म्हणाला, "वाड्यावरच्या सरकारांची जुनी मोटार आलीय. दसऱ्याला ते तीत बसून सोनं लुटायला जाणार. त्यांच्या वडिलांनी नवी आणली तेव्हा होती, तशी दिसायला पायजे. काम नीट केलंस, तर दसऱ्यालाच तुझी हळद ठरवू. बिघडवलंस, तर शालनला कागलच्या कंपाउंडरचं स्थळ आलंय."

भैरूला मोटारीतलं फारसं कळत नव्हतं, पण कंपाउंडर कळत होता.

मामानं इंजिनावरचं ॲल्युमिनियमचं झाकण काढून त्याच्या हातात दिलं. त्यावर कंपनीचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं. "फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत घास," असं म्हणून मामा बाजाराला गेला.

ॲल्युमिनियम हा असा धातू आहे, की घासाल तोवर फडकं काळंच होतं. भैरू घासत राहिला. पॉलिश संपलं, फडकी संपली, तेव्हा त्यानं अंगातला सदरा काढला. संध्याकाळी मामा परतला, तेव्हा झाकणात मामाचं तोंड दिसत होतं. कंपनीचं नाव दिसत नव्हतं.

"अक्षरं कुठं गेली रं?"

"सदऱ्यात असतील बघा, मामा. काळं अजून थांबलं न्हाई."

मामानं कपाळाला हात लावला. "आरसा करायचा नव्हता, बाबा. कारखान्यातनं येतं तवा ते मंद असतं, राखेसारखं. चकाकी दिसली की वॉटर पेपर, हा घासायचा कागद, पाण्यात भिजवायचा आणि ती मारायची. ध्यानात ठेव."

भैरूनं ध्यानात ठेवलं. त्याची ध्यानात ठेवण्याची ताकद दांडगी होती. संकटं सगळी तिथूनच यायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण मंद केलं. पायरीच्या पट्ट्या मंद केल्या, चाकांच्या थाळ्या मंद केल्या. अगदी पाहिजे तशा. मग पुढचे दिवे उघडले. आत चांदीचा मुलामा दिलेल्या वाट्या होत्या. त्या चकाकत होत्या.

शालन चहा घेऊन आली. "दिव्याच्या आत डोकं घालून काय चाललंय?"

"चकाकी मारतोय."

"मग अंधारात दिसायचं कसं?"

भैरू विचारात पडला. "मिरवणूक दिवसाच असते की," तो म्हणाला आणि पुन्हा घासू लागला.

मामा आला. त्यानं वाट्या पाहिल्या आणि अडलेल्या रेड्याला समजावतात तशा सुरात तो बोलू लागला. "आता ह्या पुण्याला नेऊन मुलामा चढवून आणतो. मी येईन दसऱ्याच्या सकाळी. तवर ऐक. चकाकी मारायची न्हाई, आणायची न्हाई. हात लावायच्या आधी इचार, ही मूळची कशी होती. मूळची होती तशी करायची. संपलं."

भैरूला हे फारच पटलं. तो सरकारांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडं, बाबालालचाचांकडं गेला.

"चाचा, मोटार मूळची कशी होती?"

"अगदी मूळची?"

"अगदी."

म्हातारा डोळे मिटून बराच वेळ सांगत राहिला. भैरू मान डोलवत ऐकत होता. परत आल्यावर त्यानं बाह्या सरसावल्या.

दसऱ्याच्या सकाळी मामा वाट्या घेऊन पोचला. गॅरेजपुढं सरकार फेटा बांधून उभे होते. हलगीवाले हलग्या शेकून तयार होते. मामानं दार उघडलं. आत मोटार नव्हती. ओळीनं लाकडी पेट्या होत्या, खिळे ठोकून, सुतळीनं बांधून.

"मोटार कुठं आहे?" सरकारांनी विचारलं.

"हीच की, सरकार," भैरू पुढं झाला. "बोटीतनं उतरली तवा पेट्यांत सुटी होती. चाकं वेगळी, इंजिन वेगळं. चाचांनी सगळं बयाजवार सांगितलं."

मामानं एका पेटीचं झाकण उचकटलं. गवतात स्टिअरिंग निवांत पडलं होतं.

"एक नट हरवू दिला न्हाई," भैरू म्हणाला. "उलट पसाभर जास्तच निघाले."

शालननं तोंडाला पदर लावला. मामा पेटीवरच बसला.

सरकार खानदानी माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. "आणि आम्ही सोनं लुटायला जायचं कशातनं?"

त्याचाही विचार भैरूनं केला होता. त्यानं मागचं दार उघडलं. बाहेर बैलगाडी जुंपून उभी होती. बैलांची शिंगं रंगवली होती.

"तुमचे वडील स्टेशनावरनं आले तसंच, सरकार. पेट्यांवर बसून." मग तो मामाकडं वळला. "उठा मामा, पेट्या गाडीत चढवायच्या राहिल्यात. आणि तुम्ही आता हळदीचं बघा."