घारीचा प्रश्न

फार जुन्या काळी रानात फर्मान निघालं : सगळ्या पिल्लांची एकाच वेळी परीक्षा होईल, घंटेआधी कुणी जागचं हलायचं नाही आणि शिकवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. ठिपकी कोंबडी वैतागली, पण उघड्या माळावर तिने पिल्लांना पेपर दिले. पहिलाच प्रश्न होता, घार दिसल्यावर काय कराल?

तेवढ्यात वर खरीच घार घिरट्या घालू लागली. ठिपकी जिवाच्या आकांताने ओरडली, तशी पिल्लं धूम पळत झुडपात शिरली. परीक्षा तपासायला आलेला तितर तिथे आधीच दडून बसला होता.

"बाई, नियम मोडलात," तो म्हणाला. "पहिल्या प्रश्नाचं उत्तरही कोरं. सगळी नापास."

ठिपकीने कपाळावर पंख मारून घेतला. "अहो साहेब, ते उत्तर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलंय."