मैनेच्या गळ्यातले हार

घाटाच्या पायथ्याला एक गाव होते. तिथे पुरूकाका खोत यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक मोटार होती. तिचे नाव मैना. काका तिला रोज पुसत, तिच्याशी बोलत. बाजाराच्या दिवशी मैना भरल्या ओझ्याने घाट चढून जाई आणि कधी कुरकुरत नसे.

गावातली प्रत्येक नवरी मैनेत बसूनच सासरी जाई. त्या दिवशी घरटी एक हार मैनेला घालायचा, अशी रीत होती. हार नाकारला तर ते घर रुसे. म्हणून काका सगळे हार बांधून घेत.

पण नवरी घेऊन निघाली की मैना घाटात हटकून बंद पडे. "हिला माहेर सुटत नाही," असे म्हणून लोक हसत. मग एका वरपक्षाने तो अपशकुन मानला आणि हसणे संपले. गावाने ठरवले, "पुन्हा थांबली तर मैना भंगारात."

त्यानंतरचे पहिले लग्न काकांच्या पुतणीचे, रेवतीचे होते. भर वैशाखात, टळटळीत दुपारी मैना निघाली. अवघड वळणावर तिने आचके दिले आणि ती थांबली.

रेवतीचे गजामामा खाली उतरले. "झालं! काका, आता हिची माया सोडा."

मागच्या वऱ्हाडाच्या जीपमधून गावातल्या भागीरथीआजी म्हणाल्या, "अरे, पहाटे उठून एवढा हार गुंफला, तरी हिचं रडगाणं आहेच!"

काकांनी मैनेच्या टपावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

रेवती शालू सावरत उतरली. "काका, बाजाराच्या दिवशी ही इथं थांबते?"

"कधीच नाही गं."

"मग आज हिच्याजवळ वेगळं काय आहे?"

सगळ्यांनी मैनेकडे पाहिले. तिच्या तोंडावरची जाळी दिसतच नव्हती. झेंडूचे हार थरावर थर चढले होते. वारा आत जायला बोटभर जागा नव्हती.

काकांनी बॉनेट उघडले. आतून भट्टीसारखी धग आली. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या काचेच्या वाटीत बुडबुडे उठत होते. तापून पेट्रोलची वाफ झाली होती, ती नळीत अडकली होती आणि इंजिनाला पेट्रोलच मिळत नव्हते.

"काका, हार काढायला हवेत," रेवती म्हणाली.

काकांनी चोरून आजींकडे पाहिले. "अगं, घराघरातून आलेत. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मन राखता राखता आपण मैनेलाच घालवून बसू."

मग काका आजींसमोर गेले. "आजी, तुमच्या हारात माया आहे, पण तिनं माझी मैना गुदमरते. मी तो काढतोय."

आजींचा चेहरा पडला. रेवतीने तो हार घेतला आणि आपल्या गळ्यात घातला. "हा मी सासरी नेते, आजी. मैनेला श्वास घेऊ दे." आजी डोळे पुसता पुसता हसल्या.

रेवतीच्या गजऱ्यांभोवती गुंडाळून आणलेले ओले फडके काकांनी पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ठेवले. ते पिण्याच्या पाण्याने पुन्हा पुन्हा भिजवले. सगळे करवंदीच्या सावलीत बसून राहिले. मामांनी दोनदा घड्याळ पाहिले. हळूहळू बुडबुडे थांबले. काकांनी चावी फिरवली. मैना खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

उरलेले हार मामांनी मैनेच्या पाठीमागे बांधले. "बघा, आता पाठीवर पदर घेतलेल्या सासुरवाशिणीसारखी दिसते!" ते म्हणाले.

भंगाराची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. आजही त्या गावात नवरी निघाली की मैनेला हार पाठीमागेच बांधतात. मैना घाट एका दमात चढते.

तात्पर्य: कुणी वाटेत अडले तर त्याला नावे ठेवण्याआधी आपण त्याच्यावर काय लादले आहे ते पाहावे. माया करावी, पण श्वासाला जागा ठेवून करावी.