डिस्प्रोशियमची कुपी

"पण सर, चमकतो तो धातू. तांबोळी मॅडम कुठे चमकतात?"

शार्दूल गुडेकरने सकाळपासून तिसऱ्यांदा हे विचारलं. हिंगमिरे सरांनी चौथ्यांदा चष्मा पुसला.

मी शेजारच्या टेबलावर प्रयोगशाळेचा तराजू साफ करत होतो. असल्या वेळी आमचा तराजू फार स्वच्छ होतो.

भांडण एका नावाचं होतं. शार्दूलने एकाच सेंद्रिय रेणूत दोन वेगवेगळे धातू बसवून दोन संयुगं केली होती. युरोपियमचं लाल चमकायचं, डिस्प्रोशियमचं चुंबकाकडे ओढलं जायचं. तो रेणू मात्र रुक्साना तांबोळीने आठ महिने खपून बनवला होता. मग घरी आजारपण आलं आणि ती बार्शीला परत गेली. पुढच्या आठवड्यात तिची कॉलेजातल्या नोकरीसाठी मुलाखत होती, आणि दाखवायला हा एकच शोधनिबंध होता.

शार्दूलने त्याच्या लेखकांमधून तिचं नाव खोडलं होतं. शेवटच्या पानावर आभार मानलेत, तेवढं पुरे, असं त्याचं म्हणणं.

सरांनी दटावलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण ज्याची चूक त्याच्याच हाताने दुरुस्त व्हावी, ही सरांची जुनी खोड. बघणाऱ्याचा जीव जातो.

सर उठले. पडदे ओढले. दोन कुप्या शेजारी ठेवून अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला.

उजवी कुपी डाळिंबाच्या दाण्यासारखी पेटली. डावी जेमतेम.

"डावीत काय आहे?"

"नुसता युरोपियमचा क्षार."

"भेसळ आहे?"

"नाही सर. एकदम शुद्ध आहे."

"मग?"

शार्दूलने उसासा टाकला. "सर, हे मला माहीत आहे. युरोपियमला स्वतःहून प्रकाश फारसा घेता येत नाही. भोवतीचा रेणू घेतो आणि त्याला देतो. मीच लिहिलंय, पान तीनवर."

"तूच लिहिलंयस..."

"हो."

मी तराजूचं तेच पारडं पुन्हा पुसलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

"बरं, चमक सोडा," शार्दूल म्हणाला. "चुंबकत्व तर धातूचं स्वतःचं आहे. डिस्प्रोशियमला ते कुणी द्यावं लागत नाही. ते कुणाचं काही देणं लागत नाही."

सरांनी पडदे उघडले. डिस्प्रोशियमची छोटी कुपी दोऱ्याने स्टँडला टांगली. ती स्थिर होईपर्यंत थांबले, मग खिशातून चुंबक काढून जवळ नेलं.

कुपी हळूच सरकली आणि चुंबकाला येऊन टेकली.

"बघा!" शार्दूलचा चेहरा खुलला.

सरांनी चुंबक खिशात टाकलं. कुपी दोन झोके घेऊन सरळ लोंबकळू लागली.

"हलव आता."

"सर?"

"त्याचं स्वतःचं आहे ना. हलव."

शार्दूलने आधी कुपीकडे पाहिलं, नंतर सरांच्या खिशाकडे.

मग त्याने टेबलावरचा निबंध ओढला, पेन काढलं आणि पहिल्या पानावर खोडलेल्या जागेच्या वर लिहिलं, रुक्साना तांबोळी. मी फडकं खाली ठेवलं. सुटलो, असं मनापासून वाटलं.

त्याने मान वर केली.

"सर, पण पहिलं नाव माझंच राहील ना?"

सरांनी डोळे मिटले. उघडले. खिशावरून हात फिरवून चुंबक आत आहे याची खात्री करून घेतली आणि दाराकडे निघाले.

"कुपीला विचार."